आरव्हीने युटा आणि ॲरिझोनातील राष्ट्रीय उद्याने : मार्ग कसा आखावा?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. येत्या सप्टेंबरात आई-बाबा सांगलीहून आमच्याकडे डॅलसला येत आहेत. दोघांनीही सत्तरी ओलांडली आहे, बाबांचे गुडघे दुखतात आणि आईला बाहेरचे जेवण सलग दोन दिवससुद्धा सोसत नाही. म्हणून आम्ही दोघे, नऊ आणि बारा वर्षांची दोन मुले आणि आई-बाबा अशा सहा जणांसाठी लास व्हेगसहून ३० फुटी क्लास सी आरव्ही (झोपण्याची, स्वयंपाकाची आणि स्वच्छतागृहाची सोय असलेली, चालकाच्या डोक्यावरही पलंग असलेली गाडी) भाड्याने घेण्याचा विचार आहे. झायन, ब्राइस कॅन्यन, कॅपिटल रीफ, मोआबजवळची आर्चेस आणि कॅन्यनलँड्स, मग मॉन्युमेंट व्हॅली, ग्रँड कॅन्यनची दक्षिण कडा आणि परत लास व्हेगस अशी फेरी मनात आहे. नकाशावर ती साधारण ११२० मैलांची दिसते आणि हाताशी दोन आठवडे आहेत.

माझे प्रश्न असे : फेरी याच दिशेने करावी की उलट? मुक्काम किती ठिकाणी करावेत? आणि यातले काही गाळायचे झाल्यास काय गाळावे? मोठी गाडी चालवण्याचा अनुभव यजमानांना आहे, पण तो मालाच्या ट्रकचा, डोंगरातल्या आरव्हीचा नव्हे.

रानवाट

उद्यानांची निवड उत्तम आहे, फक्त आखणीला सुरुवात दुसऱ्या टोकाकडून करा असे सुचवेन. मोटारीने जाताना आपण आधी ठिकाणे ठरवतो आणि रस्ते आपोआप जुळत जातात. आरव्हीच्या बाबतीत आधी गाडीची उंची, रुंदी, लांबी आणि वजन कागदावर लिहावे, त्या मापाच्या गाडीला कोणते रस्ते खुले आहेत ते तपासावे, मग मुक्कामाच्या जागा मिळवाव्यात आणि त्यानंतर कोणत्या दिवशी काय पाहायचे ते ठरवावे. हा क्रम उलटला की नकाशावर सुरेख दिसणारी फेरी प्रत्यक्षात अडते.

तुमच्या फेरीत ती पहिल्याच उद्यानात अडते. झायनमधून पूर्वेला, म्हणजे ब्राइसच्या दिशेने, नेणारा झायन-माउंट कार्मेल बोगदा १९३० साली खुला झाला. तो सुमारे १.१ मैल लांब असून त्या काळच्या मोटारींच्या मापाने खोदलेला आहे. त्याचे छत कमानीसारखे दोन्ही बाजूंना खाली उतरते, त्यामुळे उंच गाडीला रस्त्याच्या मधोमधच जावे लागते. आजवर १५ डॉलर भरले की रेंजर (उद्यानाचे कर्मचारी) समोरची वाहतूक थांबवून अशा गाड्यांना एकेरी सोडत असत. उद्यान प्रशासनाने ७ जून २०२६ पासून ही सोय बंद करण्याचे जाहीर केले आहे. ११ फूट ४ इंचांहून उंच, ७ फूट १० इंचांहून रुंद, ३५ फूट ९ इंचांहून लांब किंवा ५०,००० पौंडांहून जड गाडीला आता त्या बोगद्यातून जाता येणार नाही.

पिंपळपान

मग ३० फुटीऐवजी २५ फुटी गाडी घेतली तर अडचण सुटेल का?

रानवाट

नाही, पिंपळपान. अडचण लांबीची नसून उंचीची आहे. क्लास सी गाडीच्या छतावर एसीचे खोके असते आणि ते धरून उंची साधारण १२ फुटांच्या आसपास जाते. २५ फुटी आणि ३० फुटी गाडी या बाबतीत सारखीच. बोगद्यातून जाऊ शकेल अशी गाडी हवी असेल तर क्लास बी, म्हणजे व्हॅनवर बांधलेली छोटी गाडी घ्यावी लागेल आणि तिच्यात सहा माणसे मावणार नाहीत.

अभियंता

झायनहून ब्राइसला आरव्ही न्यायची तर दोन पर्याय आहेत.

पहिला : स्प्रिंगडेलहून मागे हरिकेनला यायचे, तिथून ५९ क्रमांकाच्या रस्त्याने ॲरिझोनात शिरायचे (तिथे तोच रस्ता ३८९ होतो), फ्रेडोनियाला उत्तरेकडे वळून कनॅब गाठायचे आणि ८९ ने वर माउंट कार्मेल जंक्शनपर्यंत जायचे. बोगद्यातून २०-२५ मैलांत संपणारे अंतर इथे शंभरच्या घरात जाते. हरिकेनमधून बाहेर पडताना एक खडा चढ आहे, पुढे मात्र पठारावरचा मोकळा रस्ता. वाटेत पाइप स्प्रिंग हे छोटे राष्ट्रीय स्मारक लागते. वाळवंटातल्या एका झऱ्यावर मॉर्मन पंथाच्या वसाहतकारांनी १८७० च्या दशकात बांधलेली गढी तिथे आहे आणि सभोवतालचा प्रदेश कैबाब पायूट या मूळ रहिवासी लोकांचा आहे. थांबून पाय मोकळे करायला जागा चांगली आहे.

दुसरा : आय-१५ महामार्गाने उत्तरेला जाऊन ९५ क्रमांकाच्या एक्झिटला उतरायचे आणि २० क्रमांकाच्या घाटाने ८९ वर येऊन पँग्विचमार्गे ब्राइसला जायचे. मालाचे ट्रक हाच रस्ता धरतात. आपल्या यजमानांना ट्रकची सवय आहे, तेव्हा त्यांना हा अधिक सोयीचा वाटेल. मधला १४ क्रमांकाचा रस्ता नकाशावर जवळचा दिसतो, पण सीडर ब्रेक्सच्या बाजूने तो फार उंचावर चढतो. भरलेली आरव्ही तिकडे नेण्यात काही लाभ नाही.

दगडफूल

थोडे वेगळे मत मांडतो. या सगळ्या खटाटोपाऐवजी सात आसनांची मोटार घ्या आणि हॉटेलात राहा. बोगदा खुला, ब्राइसच्या कड्यावरचे वाहनतळ खुले, इंधन निम्म्याहून कमी. आरव्ही गॅलनला ८ ते १० मैल देते. १२०० मैल धरले तरी १२० ते १५० गॅलन झाले. शिवाय ठरलेल्या मैलांवरच्या प्रत्येक मैलाचे वेगळे पैसे, जनरेटर चालवला तर तासांचे वेगळे पैसे आणि मुक्कामाच्या जागेचे भाडे आहेच. आरव्ही स्वस्त पडते हा समज मला पटत नाही. वृद्ध माणसांना तर पलंग, लिफ्ट आणि गरम पाण्याचा शॉवर असलेली खोलीच बरी.

हेमांगी_एस

दगडफूल, खर्चाचे तुमचे गणित बरोबर आहे. आरव्ही स्वस्त म्हणून कोणी घेऊ नये. ज्येष्ठांबद्दलचा तुमचा मुद्दा मात्र मला मान्य नाही. सासू-सासऱ्यांना घेऊन आम्ही याच भागात फिरलो, तेव्हा सर्वांत मोठे सुख कोणते होते, तर स्वच्छतागृह सतत बरोबर होते. या रस्त्यांवर पन्नास-साठ मैल काहीही लागत नाही आणि मधुमेह किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्या माणसाला त्या मैलांची धास्ती वाटते. सासरे पहिल्या दिवशी पाणी प्यायलाच तयार नव्हते. गाडीतच सोय आहे हे अंगवळणी पडल्यावर ते मोकळेपणाने पाणी पिऊ लागले आणि कोरड्या हवेत त्याची गरज फार असते.

कृष्णाकाठ, झोपण्याची व्यवस्था आत्ताच ठरवून टाका. चालकाच्या डोक्यावरच्या पलंगावर शिडीने चढावे लागते, तो मुलांना द्या. मागचा पलंग आई-बाबांना द्या, मात्र त्याच्या दोन्ही बाजूंनी उतरता येते का ते आराखड्यात पाहून घ्या. काही गाड्यांत तो कोपऱ्यात भिंतीला लागून असतो आणि आत झोपलेल्या माणसाला दुसऱ्याला ओलांडून यावे लागते. रात्री दोनदा उठणाऱ्यांना हे जमत नाही. दाराच्या पायऱ्या उंच असतात, तेव्हा बाबांच्या गुडघ्यांसाठी एक रुंद पाट किंवा पायरी जवळ ठेवा.

आणि स्वयंपाक. प्रोपेनच्या शेगडीवर सगळे होते. ब्राइस ८००० फुटांवर आहे, तिथे पाणी साधारण ९२ अंशांनाच उकळते, त्यामुळे उघड्या पातेल्यातला भात आणि डाळ शिजता शिजत नाही. कुकर घेऊन जा. फोडणी घालण्यापूर्वी छतावरची झडप उघडून पंखा लावा, नाहीतर मोहरी तडतडताच धुराचा भोंगा वाजून शेजारचे कॅम्पवाले बाहेर येतील!

पिंपळपान

आमच्याकडे भोंगा हिंगानेसुद्धा वाजला होता. :-)

वळणवाट

दगडफूल आणि हेमांगीताई या दोघांचेही म्हणणे जुळवता येते. आरव्ही चालवण्यासाठी कमी आणि राहण्यासाठी जास्त वापरावी. या फेरीतली तीन उद्याने त्या दृष्टीने फार सोयीची आहेत. झायनच्या मुख्य दरीत मार्चपासून नोव्हेंबरपर्यंत बहुतेक काळ खासगी गाड्यांना प्रवेशच नसतो, सगळे शटल बसने जातात आणि स्प्रिंगडेल गावातही मोफत शटल आहे. ब्राइसमध्ये २० फुटांहून लांब गाड्यांना कड्याजवळच्या वाहनतळांवर दिवसा मनाई असते, पण आरव्ही प्रवेशद्वाराबाहेर ठेवून शटलने सर्व मुख्य ठिकाणे पाहता येतात. ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण कड्यावर वर्षभर बस असते आणि हर्मिट रोड मार्च ते नोव्हेंबर खासगी गाड्यांना बंदच असतो. म्हणजे या तिन्ही ठिकाणी तुमची आरव्ही मुक्कामी उभी राहील आणि तुम्ही बसने फिराल. मोटारवाल्यांनाही बसच घ्यावी लागते.

अडचण फक्त मोआबला आहे. आर्चेस आणि कॅन्यनलँड्समध्ये शटल नाही, आर्चेसमधले वाहनतळ सकाळीच भरतात आणि लांब गाड्यांच्या जागा मोजक्या असतात. तिथे गावातल्या आरव्ही पार्कमध्ये पूर्ण हुकअप (पाणी, वीज आणि सांडपाणी यांची जोडणी) घेऊन गाडी उभी करावी आणि फिरण्यासाठी स्थानिक भाड्याची मोटार घ्यावी. कॅन्यनलँड्सचा आयलंड इन द स्काय हा भाग मोआबहून साधारण ३२ मैलांवर आहे, मोटारीने अर्ध्या दिवसात होतो. तिथल्या विलो फ्लॅट कॅम्पग्राउंडच्या मोहात पडू नका. जागा फक्त १२, पाणी नाही आणि २८ फुटांची मर्यादा.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. मोआबला वेगळी मोटार घेण्याची कल्पना सुचलीच नव्हती. आता ब्राइस ते कॅपिटल रीफ या टप्प्याबद्दल विचारते. १२ क्रमांकाच्या रस्त्याबद्दल फार वाचले आहे. तो आरव्हीने करावा का?

अभियंता

करावा, पण काय आहे ते जाणून करावा. पहिला भाग सोपा आहे. एस्कलांटे गाव ओलांडल्यावर रस्ता नदीपर्यंत खाली उतरतो, काफ क्रीकजवळून पुन्हा चढतो आणि त्यानंतर हॉगबॅक लागतो. सह्याद्रीत एखाद्या सोंडेच्या माथ्यावरून चालताना दोन्हीकडे दरी दिसते, तसा हा दुपदरी डांबरी रस्ता धारेवरून जातो. बऱ्याच ठिकाणी कठडा नाही आणि गाडी बाजूला घ्यायला जागा नाही. तो भाग काही मैलांचाच आहे. त्यानंतर बोल्डर गाव येते. १९३० च्या दशकापर्यंत तिथे खेचरांवरून टपाल येत असे, त्यावरून हा प्रदेश किती दुर्गम होता ते कळेल. पुढे बोल्डर माउंटनवर रस्ता ९६०० फुटांवर जातो आणि मग टोरीला उतरतो.

चालवताना एकच गोष्ट पाळायची : उतारावर ब्रेकवर पाय ठेवून बसायचे नाही. उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर किंवा (गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवणारे) टो-हॉलचे बटण लावायचे, इंजिनाने वेग धरून ठेवायचा आणि ब्रेक मधूनमधून ठामपणे दाबून सोडायचा. ट्रक चालवलेल्या माणसाला हे सांगण्याची गरज नाही. पर्यटकांच्या मोठ्या बस या रस्त्याने रोज जातात.

हेमांगी_एस

अभियंतांशी सहमत, पण चालकापेक्षा बाजूच्या सीटवर बसणाऱ्याला हॉगबॅक अधिक जाणवतो. ज्यांना उंचीची भीती वाटते त्यांना मागे बसवा आणि सर्वांचे पट्टे बांधलेले असू द्या. चालत्या आरव्हीत उठून चहा करायला जाणारी माणसे पाहिली की माझा जीव वर-खाली होतो. वारा सुटला असेल किंवा बर्फाचा इशारा असेल, तर सरळ ८९ ने उत्तरेला जाऊन सिगर्डजवळून २४ क्रमांकाच्या रस्त्याने टोरीला या. अंतर वाढते, पण तो रस्ता आरामाचा आहे.

नाना_ओहायो

चर्चा वाचून एक सुचवावेसे वाटते. आई-बाबांना घेऊन जायचेच तर यलोस्टोन, ग्रँड टिटन आणि ग्लेशियर का नाही? गरम पाण्याचे झरे, प्राणी, सरोवरे. लाल दगड सगळीकडे एकसारखेच वाटू लागतात.

रानवाट

नाना, तीही फेरी अपूर्व आहे, पण सप्टेंबरअखेर आणि ३० फुटी गाडी या दोन अटींत ती बसत नाही. यलोस्टोनमध्ये पाणी, वीज आणि सांडपाणी या तिन्हींची जोडणी असलेली एकच जागा, फिशिंग ब्रिज. तिथे ग्रिझली अस्वलांमुळे फक्त पक्क्या भिंतींच्या गाड्यांनाच मुक्काम करता येतो आणि शरद ऋतूत ती बंद होते. ग्लेशियरच्या गोइंग-टू-द-सन रोडवर ॲव्हलांच ते राइझिंग सन या टप्प्यात २१ फुटांहून लांब किंवा ८ फुटांहून रुंद गाडी नेता येत नाही, म्हणजे आरव्हीला दक्षिणेकडून यूएस २ ने मरायस खिंडीतून वळसा घालावा लागतो. त्या बाजूला जुलै-ऑगस्टमध्ये जावे. लाल दगड एकसारखे वाटतात याबद्दल मात्र नम्रपणे असहमत आहे. झायन खालून वर पाहायचे, ब्राइस वरून खाली पाहायचे आणि आर्चेसमध्ये दगडांच्या कमानींखालून चालायचे. अनुभव तिन्ही ठिकाणी वेगळा आहे.

नाना_ओहायो

माहितीबद्दल आभार. २१ फुटांची मर्यादा ठाऊक नव्हती. आमची मंडळी पुढच्या जुलैत तिकडे जाणार आहेत, त्यांना कळवतो.

सागरगोटे

गाळायचे काय, या प्रश्नावर कोणी बोललेले नाही म्हणून लिहिते. बहुतेक लोक कॅपिटल रीफ गाळतात आणि मला ते फार खटकते. वडीलधाऱ्यांना घेऊन जाणाऱ्यांसाठी तीच जागा या फेरीत सर्वांत निवांत आहे. फ्रुटा या जुन्या मॉर्मन वस्तीतल्या फळबागा उद्यानाने आजही जपल्या आहेत. ज्या बागेवर तोडणीचा फलक लावलेला असतो, तिथे स्वतः जाऊन फळे तोडता येतात. बागेत शिड्या आणि लांब दांड्याचे झेले ठेवलेले असतात, बागेत उभे राहून खाल्लेल्या फळांचे पैसे नाहीत आणि घरी न्यायची असतील तर तिथल्या काट्यावर वजन करून पेटीत पैसे टाकायचे. सफरचंदांचा हंगाम ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत चालतो, तुमच्या तारखांना तो सहसा सापडतो. माझी आई शेतकऱ्याच्या घरची. कॅन्यन पाहून ती "छान आहे" एवढेच म्हणाली होती, त्या बागेत मात्र देठ कसा पिरगळायचा, म्हणजे पुढच्या वर्षीचा डोळा मोडत नाही, हे ती नातवंडांना दुपारभर शिकवत होती आणि शेजारच्या झाडाखालचे एक अमेरिकन कुटुंबही तिचे हात पाहून तसेच तोडू लागले.

फ्रुटा कॅम्पग्राउंडमध्ये ७१ जागा आहेत. हुकअप नाही, शॉवर नाही, पण सपाट जमीन, झाडांची सावली आणि हाकेच्या अंतरावर बागा. हरणे तंबूंमधून फिरतात. कॅपिटल रीफ गाळू नका. गाळायचेच असेल तर मॉन्युमेंट व्हॅली गाळा.

वळणवाट

मॉन्युमेंट व्हॅली गाळण्याला माझा विरोध आहे, कारण ती मोआबहून ग्रँड कॅन्यनच्या वाटेवरच आहे आणि मोआबपासून सुमारे १५० मैलांवर मुक्काम हवाच असतो. मात्र दोन गोष्टी लक्षात घ्या. ते राष्ट्रीय उद्यान नसून नवाहो या मूळ अमेरिकन लोकांच्या राष्ट्राचे उद्यान आहे, त्यामुळे राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास तिथे चालत नाही. आणि दरीतल्या १७ मैलांच्या कच्च्या रस्त्यावर आरव्हीला मनाई आहे. नवाहो वाटाड्यांच्या उघड्या गाडीतून फेरी घ्यावी. ती धक्के देत जाते, तेव्हा बाबांना पुढची सीट मागून घ्या.

तिथे जाताना फोनच्या नकाशावर विसंबू नका. तुम्ही वाटेत नॅचरल ब्रिजेसकडे वळलात तर नकाशा तुम्हाला २६१ क्रमांकाच्या रस्त्याने मेक्सिकन हॅटला नेऊ पाहील. त्यावर मोकी डगवे आहे : कड्याच्या तोंडावर कोरलेला, ११ टक्के उताराचा, तीन मैलांचा खडीचा नागमोडी रस्ता. २८ फुटांहून लांब किंवा १०,००० पौंडांहून जड गाडी तिथे नेऊ नये अशी युटा राज्याची सूचना आहे आणि तुमची गाडी दोन्ही मापांनी मोठी ठरेल. १९१ ने ब्लफपर्यंत आणि तिथून १६३ ने जा. आरव्हीची उंची-लांबी भरून मार्ग दाखवणारे वेगळे जीपीएस मिळते, ते घ्या किंवा प्रत्येक टप्पा आधी कागदावर क्रमांकांनिशी लिहून डॅशबोर्डवर चिकटवा. तिथे मोबाइलला रेंज नसते.

दगडफूल

वळणवाट यांनी सांगितलेली "राहण्यासाठी आरव्ही" ही कल्पना मला पटली. तरीही पाणी आणि टाक्या यांचे काय? सहा माणसांत दोन दिवसांत टाकी भरते असे ऐकले आहे.

रानवाट

योग्य प्रश्न आहे आणि मार्गाची आखणी खरोखर यावरच ठरते. राष्ट्रीय उद्यानांच्या आतल्या बहुतेक जागा कोरड्या असतात : झायनच्या वॉचमनमध्ये काही जागांना फक्त वीज मिळते आणि जनरेटरला मनाई आहे, ब्राइसच्या सनसेटमध्ये, फ्रुटामध्ये आणि आर्चेसच्या डेव्हिल्स गार्डनमध्ये जोडणी नाही. ग्रँड कॅन्यनच्या माथर कॅम्पग्राउंडमध्येही जोडणी नाही आणि गाडीची मर्यादा ३० फूट आहे, म्हणून तुमच्यासारख्यांनी तिथले ट्रेलर व्हिलेज घ्यावे, तिथे पूर्ण हुकअप आहे. सहा माणसांसाठी दोन रात्री कोरड्या आणि तिसरी हुकअपची, असा ताल ठेवावा. कोरड्या मुक्कामी अंघोळीला कॅम्पग्राउंडचे किंवा गावातले शॉवर वापरावेत आणि भांडी आधी कागदाने पुसून मग थोड्या पाण्यात विसळावीत.

टाक्या रिकाम्या करताना आधी मैल्याची काळी टाकी आणि मग धुण्याची करडी टाकी, म्हणजे दुसऱ्या पाण्याने नळी धुऊन निघते. हुकअपवर असतानाही काळ्या टाकीची झडप बंदच ठेवावी. उघडी ठेवली तर पाणी वाहून जाते, घट्ट मैला तळाशी साचतो आणि पुढचे सगळे दिवस गाडीत वास राहतो.

पिंपळपान

रोज किती मैल चालवावे याबद्दल कोणी सांगेल का? "दिवसाला ३०० मैलांच्या आत, दुपारी ३ च्या आत मुक्कामी, एका जागी ३ रात्री" असा तीन-तीन-तीनचा ठोकताळा आरव्हीवाल्यांत ऐकायला मिळतो.

अभियंता

महामार्गासाठी ३०० ठीक आहेत, युटाच्या डोंगरासाठी मात्र दीडशेच पुरेसे. १२ क्रमांकाच्या रस्त्याचे सव्वाशे मैल आरव्हीला थांबे धरून दिवसभर पुरतात. दुपारी ३ ची अट मात्र काटेकोर पाळा. अंधारात मागे गाडी घेणे, गाडी समतल करणे आणि जोडण्या लावणे हे नवख्याचे काम नव्हे, शिवाय संध्याकाळी या रस्त्यांवर हरणे आणि मोकळी गुरे येतात.

घड्याळाचेही पाहा. युटा आणि नवाहो प्रदेशात उन्हाळी वेळ पाळतात, उरलेल्या ॲरिझोनात पाळत नाहीत. मॉन्युमेंट व्हॅलीहून ग्रँड कॅन्यनला निघाल्यावर घड्याळ एक तास मागे जाईल आणि सूर्य मात्र आपल्या वेळेला मावळेल. ऑक्टोबरात तिथे सहाच्या सुमारास सूर्यास्त होतो, तेव्हा तास वाढला असे धरून रेंगाळू नका. कॅमेरॉनहून ६४ क्रमांकाने पूर्वेच्या डेझर्ट व्ह्यू दाराने आत शिरा. वास्तुरचनाकार मेरी कोल्टर यांनी रचलेला १९३२ चा मनोरा तिथेच आहे आणि गर्दी दक्षिण दारापेक्षा कमी असते.

सागरगोटे

प्रवेशशुल्काबद्दल एक महत्त्वाचे. १ जानेवारी २०२६ पासून वार्षिक पास अमेरिकेच्या रहिवाशांना ८० डॉलर आणि अनिवासींना २५० डॉलर झाला आहे. शिवाय गर्दीच्या ११ उद्यानांत पास नसलेल्या अनिवासी प्रौढांना माणशी १०० डॉलर अधिक द्यावे लागतात. तुमच्या फेरीतली झायन, ब्राइस आणि ग्रँड कॅन्यन त्या यादीत आहेत, उरलेली तीन नाहीत. आई-बाबा पर्यटक व्हिसावर येत असतील, तर एकाच गाडीत रहिवासी आणि अनिवासी दोन्ही असताना काय लागू होते ते उद्यान सेवेच्या संकेतस्थळावर वाचा आणि मगच कोणता पास घ्यायचा ते ठरवा. ओळखपत्रे हाताशी ठेवा.

कृष्णाकाठ

तुम्हा सर्वांमुळे चित्र स्पष्ट झाले. यजमानांशी आणि फोनवर आई-बाबांशी बोलून असा आराखडा केला आहे :

२६ सप्टेंबरला लास व्हेगसमध्ये गाडी ताब्यात घेऊन, किराणा भरून तिथेच मुक्काम. २७ पासून झायनला तीन रात्री. ३० सप्टेंबरला आय-१५ आणि २० क्रमांकाच्या घाटाने ब्राइस, दोन रात्री. २ ऑक्टोबरला १२ क्रमांकाने फ्रुटा, दोन रात्री. ४ ला मोआब, पूर्ण हुकअप आणि वेगळी मोटार, तीन रात्री. ७ ला मॉन्युमेंट व्हॅली. ८ ला ग्रँड कॅन्यन, ट्रेलर व्हिलेजमध्ये दोन रात्री. १० ला परत. फळबागेचे ऐकून आईने कॅपिटल रीफ अजिबात गाळायचे नाही असे बजावले आहे. दिशेबद्दल मात्र अजून कोणी मत दिलेले नाही. ही दिशा ठीक आहे ना?

रानवाट

ठीक आहे आणि उलट दिशेपेक्षा चांगली आहे. ब्राइस सर्वांत उंच आहे आणि तिथल्या रात्री ऑक्टोबरात गोठणबिंदूच्या खाली जाऊ लागतात. उलट फिरलात तर तिथे पाचेक दिवस उशिरा, अधिक थंडीत पोहोचाल. तुमच्या क्रमाने ब्राइस लवकर आटोपते आणि त्यानंतर फ्रुटा ५५०० फूट, मोआब ४००० फूट, असे तुम्ही उबेत उतरता. शेवटी ग्रँड कॅन्यनला पुन्हा ७००० फुटांवर जाल, पण तिथे हुकअप असल्यामुळे हीटरची चिंता नाही. ब्राइसच्या दोन्ही रात्री पाण्याची नळी बाहेर जोडून ठेवू नका, ती गोठते. प्रोपेनची टाकी झायनहून निघतानाच भरून घ्या, गाडी उबदार ठेवणारी भट्टी रात्रभर चालेल.

वळणवाट

एक दुरुस्ती सुचवतो. झायनच्या तीन रात्रींपैकी किमान शेवटची रात्र पूर्ण हुकअपच्या जागी घ्या. वॉचमनमध्ये वीज मिळेल, पण पुढे ब्राइसच्या दोन आणि फ्रुटाच्या दोन अशा चार कोरड्या रात्री सलग आहेत. ब्राइसहून निघताना टाक्या रिकाम्या करून पाणी भरून घेतल्याशिवाय १२ क्रमांकाला लागू नका. कॅपिटल रीफहून मोआबला जाताना हँक्सव्हिलला इंधन घ्या. तिथल्या पंपाचे दुकान खडक फोडून आत कोरलेले आहे, मुलांना आवडेल.

सागरगोटे

कृष्णाकाठ, फ्रुटाचे आरक्षण सहा महिने आधी खुले होते. २ ऑक्टोबरची जागा २ एप्रिलला युटाच्या वेळेनुसार सकाळी ८ वाजता, म्हणजे डॅलसच्या ९ वाजता मिळू लागेल आणि फार लवकर संपेल. आदल्या रात्रीच खाते उघडून गाडीची लांबी भरून ठेवा आणि ३० फूट बसतील अशा चार-पाच जागांचे क्रमांक नकाशावरून टिपून ठेवा. यजमान आणि तुम्ही, दोघेही वेगवेगळ्या यंत्रांवर बसा.

कृष्णाकाठ

२ एप्रिलची आठवण दोघांच्याही फोनवर लावली. जागा मिळाली की इथेच कळवते.